खिडकीतल्या प्लेट्स : यूव्ही दिवा, यीस्ट आणि अंतराळातले किरण

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या मुलांना प्रकल्प करावा लागतो. सोलापुरातल्या ज्या कॉलेजात मी शिकवतो, तिथल्या दोन गटांनी मिळून एकच विषय घेतला आणि त्याचं नावही ठरवूनच आणलं : ‘अंतराळातील किरणोत्सर्गाचा यीस्टवर होणारा परिणाम’. हे कुठून आलं ते विचारायची गरज नव्हती. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये अंतराळ स्थानकावर राहून आले, तिथे त्यांनी मूग आणि मेथीला मोड आणले, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या प्रकल्पाच्या नावात अंतराळ आहे. आता आमच्याकडे अंतराळ नाही. लॅमिनार एअरफ्लो, म्हणजे जंतुविरहित काम करायचं कपाट आहे आणि त्यात निर्जंतुकीकरणाचा यूव्ही (अतिनील) दिवा आहे. नावाचं नंतर बघू म्हटलं आणि काम सुरू करायला सांगितलं.

पद्धत साधी होती. मधल्या मारुतीजवळ बेकरीवाल्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून कोरड्या यीस्टचं पाकीट आणलं. ते निर्जंतुक पाण्यात घोळवायचं, टप्प्याटप्प्याने विरळ करायचं, अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर पसरायचं. मग प्लेटचं झाकण काढून काही सेकंद यूव्ही दिव्याखाली धरायचं, झाकण लावून वाढायला ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांनी वसाहती मोजायच्या. जगलेली प्रत्येक पेशी वाढून एक ठिपका होते, त्यामुळे ठिपके मोजले की किती पेशी वाचल्या ते कळतं. झाकण काढावंच लागतं, कारण या दिव्याचे २५४ नॅनोमीटरचे किरण साध्या काचेतून किंवा प्लेटच्या प्लास्टिकमधून पलीकडे जात नाहीत. अंतराळाचा विषय येईल तेव्हा हे पुन्हा लागणार आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी दोन्ही गटांनी एकाच नळीतलं यीस्ट घेऊन, एकाच दिव्याखाली, तेवढेच सेकंद प्लेट्स धरल्या. पहिल्या गटाच्या प्लेट्स इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाच्या बंद कपाटात गेल्या. दुसऱ्या गटाची पाळी आली तेव्हा इनक्युबेटर भरलेला होता, म्हणून त्यांनी आपल्या प्लेट्स पूर्वेच्या खिडकीतल्या टेबलावर मांडल्या आणि पोरं यात्रेला पळाली. सुट्टीनंतर पहिल्या गटाच्या प्लेटवर तुरळक ठिपके निघाले. दुसऱ्या गटाची प्लेट जवळजवळ भरलेली.

“सर, आमचं यीस्ट मेलंच नाही की!”

पहिल्या गटाचं म्हणणं, यांनी झाकण काढलंच नसणार. दुसऱ्या गटाचं म्हणणं, काढलं होतं, तुम्हीच बघत उभे होता. प्रयोगशाळेत अशी भांडणं झाली की मला बरं वाटतं. आकडे जुळले असते तर कोणी काही विचारलं नसतं.

संशयितांची यादी फळ्यावर लिहिली. बाहेरचा जंतू पडला असेल? दाट प्लेटवरच्या ठिपक्यांतून सुईने थोडं उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर यीस्टच्याच अंडाकृती पेशी, काहींना बाजूला कळी फुटलेली. म्हणजे तो मुद्दा गेला. विरळ करण्यात गफलत म्हणावी तर नळी एकच. मग राहिलं तापमान, आणि सगळ्यांनी तेच धरलं. सोलापुरात हे स्वाभाविक आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये ३० अंशावर लावलेला साधा इनक्युबेटर निव्वळ शोभेला असतो, कारण त्याला गरम करता येतं, गार करता येत नाही, आणि खोलीच चाळिशीला टेकलेली असते. पण हा जानेवारी होता. शिवाय दोन्ही ठिकाणी यूव्ही न दाखवलेली एकेक प्लेट ठेवलेली होती आणि त्या दोन्हींवर वाढ सारखीच होती. तापमानामुळे फरक पडला असता तर या प्लेट्समध्येही तो दिसला असता. न मारलेलं यीस्ट दोन्हीकडे सारखंच सुखी होतं, मार खाल्लेलं मात्र खिडकीत जास्त जगलं.

खिडकीत होतं काय, जे इनक्युबेटरमध्ये नव्हतं? उजेड.

ही शंका ज्या मुलीने काढली, तिनेच तपासाची रीतही सुचवली आणि ती मला फार आवडली. वेगवेगळ्या प्लेट्स नकोतच, एकच प्लेट घ्यायची. तळाला मार्करने मधोमध रेघ मारायची, पूर्ण प्लेटला यूव्ही द्यायचा, आणि झाकण लावल्यावर अर्ध्या भागावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळून खिडकीत ठेवायची. तेच यीस्ट, तोच मार, तेच तापमान, फरक फक्त उजेडाचा. फॉइल काढलं तेव्हा उघड्या बाजूला क्रीम रंगाचे ठिपके इतके दाट की एकमेकांत मिसळलेले, आणि झाकलेल्या बाजूला बोटांवर मोजण्याइतके. एका ठिकाणी फॉइलची कड जरा उचलली गेली होती. तिथून ठिपक्यांची एक निमुळती पट्टी रेघ ओलांडून अंधाऱ्या बाजूत शिरली होती, उजेड जितका आत गेला असेल तितकीच. प्रकल्पाच्या अहवालात मुखपृष्ठावर कशाचा फोटो घालायचा असेल तर याचा घाला, असं मी सांगितलं. त्यांनी रॉकेटचा घातला.

आणखी एक प्लेट केली, तिच्यात क्रम उलटा : आधी खिडकीतला उजेड, मग यूव्ही, मग अंधार. तिच्यावर काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे उजेडाने यीस्ट ‘तगडं’ होत नाही. उजेड मारानंतरच उपयोगी पडतो.

पेशीच्या आत काय चाललं होतं

डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सगळ्यात जास्त शोषून घेतो, आणि दिवा २५४ चा, म्हणजे नेमका वर्मावर. ही ऊर्जा शोषल्यावर डीएनएच्या एकाच धाग्यावरचे दोन शेजारी थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. या जोडीला डायमर म्हणतात. धागा तुटत नाही, पण तिथे गाठ पडते आणि डीएनएची नक्कल काढणारं यंत्र त्या गाठीशी अडतं. अशा गाठी पुष्कळ झाल्या की पेशी विभागू शकत नाही आणि प्लेटवर तिचा ठिपका उमटत नाही.

यीस्टकडे फोटोलायेज नावाचं एक एन्झाइम आहे. ते अंधारातही डायमर हुडकून त्याला चिकटून बसतं, पण गाठ सोडवायला लागणारी ऊर्जा त्याला निळ्या आणि त्याला लागूनच्या जांभळ्या उजेडातून मिळते. हा उजेड खिडकीच्या काचेतून बिनदिक्कत आत येतो. उजेडाचा कण मिळाला की एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे होतो, दोन थायमिन सुटे होतात, आणि काही कापाकापी न करता डीएनए होता तसा होतो. इनक्युबेटरमधल्या प्लेट्समध्येही फोटोलायेज होतं, त्याला उजेड मिळाला नाही एवढंच. तिथे जे थोडे ठिपके आले, त्यांतल्या बऱ्याच पेशी दुसऱ्या, उजेड न लागणाऱ्या वाटेने वाचल्या असणार. त्या वाटेत गाठीच्या दोन्ही बाजूंना धागा कापून तेवढा तुकडा काढून टाकतात आणि समोरच्या शाबूत धाग्यावरून नवा भरतात.

मुलांना मी मग आल्बर्ट केल्नरची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला हा माणूस यूव्हीने मारलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूच्या बीजाणूंवर काम करत होता. त्याचेही आकडे जुळेनात, त्यालाही आधी तापमानाचाच संशय आला, आणि तो बीजाणू ठेवायचा ते काचेचं पाण्याचं भांडंही खिडकीजवळच्या टेबलावर होतं. उजेडामुळे मेलेले म्हणून सोडून दिलेले बीजाणू जगतात हे त्याने १९४९ मध्ये छापलं. त्याच वर्षी रेनातो दुलबेको यांना जीवाणूंच्या विषाणूंमध्ये हाच प्रकार आढळला. पुढे अझीझ संजार यांनी फोटोलायेजचं काम उलगडलं आणि २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए दुरुस्तीसाठी टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि संजार या तिघांना मिळालं. केल्नरचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात तळटिपेत सापडलं तर सापडतं. माझ्या मते हे बरोबर नाही.

पण हे अंतराळ आहे का?

इथून पुढे नावाचा प्रश्न, आणि या प्रकरणातला खरा वाद. मुलांचं म्हणणं होतं, यूव्ही हाही किरणोत्सर्ग, अंतराळातही किरणोत्सर्ग, मग नाव चालेल. माझं म्हणणं होतं, पेशीला कोणता मार बसला यावर कोणती दुरुस्ती लागेल ते ठरतं, आणि अंतराळात दोन अगदी वेगळे मार आहेत.

यानाच्या बाहेर, उघड्यावर, सूर्याचा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही थेट येतो. पृथ्वीवर ओझोन तो अडवतो, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हातही तो नाही. उघड्या जीवाणूंना सगळ्यात आधी मारतो तो हाच. पण प्लेटचं झाकणसुद्धा त्याला अडवतं, मग यानाच्या भिंतीची काय कथा! जपानच्या तानपोपो प्रयोगात डायनोकॉकस जीवाणूंचे वाळवलेले थर अंतराळ स्थानकाच्या बाहेर ३ वर्षांपर्यंत ठेवले होते. वरचे जीवाणू मेले, त्यांच्या मढ्यांच्या आड खालचे वाचले. अर्धा मिलिमीटर जाडीचा थरही त्यासाठी पुरला. आमच्या दिव्याचं आणि अंतराळाचं नातं एवढ्याच भागापुरतं आहे.

यानाच्या आत बसलेल्या माणसाला छळतात ते दुसरे : आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण आणि सौरवादळातले प्रोटॉन. नावात किरण असले तरी हे उजेडासारखे किरण नाहीत, प्रचंड वेगाने धावणारे अणूंचे गाभे आहेत. वैश्विक किरणांतल्या गाभ्यांपैकी ८७ टक्क्यांच्या आसपास प्रोटॉन, १२ टक्के हेलियम आणि उरलेला जेमतेम एक टक्का जड गाभे, लोहापर्यंतचे. या एक टक्क्याला कमी लेखू नये. वाटेत सोडली जाणारी ऊर्जा विद्युतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लोहाचा भार २६, म्हणजे तेवढ्याच वेगाच्या प्रोटॉनच्या तुलनेत ६७६ पट. अपोलोच्या अंतराळवीरांना डोळे मिटल्यावरही अंधारात प्रकाशाच्या ठिणग्या दिसत. त्या अशाच कणांच्या.

हे कण पेशीतून जाताना दोन प्रकारे घाव घालतात. एक, पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडून हायड्रॉक्सिल मूलकं (रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे) तयार करतात आणि ती डीएनएला जाऊन भिडतात. दोन, जड कण असेल तर तो स्वतःच वाटेतला डीएनए फोडत जातो, आणि घाव विखुरलेले न राहता काही नॅनोमीटरच्या टापूत एकावर एक पडतात. एक्स किंवा गॅमा किरणांच्या १ ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) मात्रेने माणसाच्या एका पेशीत एकेरी धागा तुटण्याच्या सुमारे हजार घटना घडतात आणि दोन्ही धागे एकत्र तुटण्याच्या सुमारे ३५-४०. हजार ऐकून घाबरायचं कारण नाही, एकेरी तुटणं पेशीला रोजचंच आहे. समोरचा धागा शाबूत असतो, त्यावरून पाहून भरता येतं. खरा धोका त्या तीसचाळीसांचा, कारण तिथे पाहायला समोर काही उरलेलं नसतं.

दोन्ही धागे तुटले तर पेशीकडे मुख्य वाटा दोन. पहिली घाईची : तुटलेली टोकं पकडायची, थोडी छाटायची आणि जोडून टाकायची. सोलापुरात हे समजवायला सोपं आहे. यंत्रमागावर ताण्याची तार तुटली तर कारागीर ती सांधून माग लगेच सुरू करतो, पण शेजारशेजारच्या दोन तारा एकदम तुटल्या आणि टोकांची अदलाबदल झाली तर चादर विणली जाते आणि नक्षी चुकते. दुसरी वाट सावकाश : पेशीने विभागणीच्या तयारीत डीएनएची दुसरी प्रत काढलेली असेल तर तिच्यावरून पाहून तुटलेला भाग नव्याने लिहायचा. या कामात राड-५१ हे प्रथिन लागतं. ही वाट बिनचूक, पण प्रत असेल तेव्हाच मोकळी.

फोटोलायेजचं इथे काही चालत नाही. ते फक्त यूव्हीने पडलेल्या गाठी सोडवतं, तुटलेला धागा जोडणं त्याचं काम नव्हे. म्हणून खिडकीत ठेवलेल्या यीस्टवरून ‘अंतराळवीराला उजेडात ठेवा’ असा निष्कर्ष काढता येत नाही. वरून आणखी एक, माणसाकडे आणि बहुतेक सस्तन प्राण्यांकडे हे एन्झाइम नाहीच. कांगारूकडे आहे. आपल्याकडे त्याच घराण्यातली क्रिप्टोक्रोम प्रथिनं उरली आहेत, ती दिवसरात्रीचं घड्याळ सांभाळतात. ऊन लागून डायमर झाले तर आपल्याला कापून-भरून दुरुस्ती करावी लागते, आणि ज्यांच्यात ती वाट जन्मतःच बंद असते त्यांना झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा आजार होतो. त्यांची कातडी उन्हाने जळते आणि लहान वयात त्वचेचे कर्करोग उद्भवतात. ऊन तेच, डायमर तेच.

मला या प्रकरणातून सांगायचं होतं ते हेच. किती मार बसला हा अर्धाच हिशोब झाला. पुढच्या तासांत कोणती दुरुस्ती मोकळी होती आणि ती नीट झाली का, हा उरलेला अर्धा. १९५६ मध्ये आर्थर अँडरसन यांना अमेरिकेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात डायनोकॉकस सापडला. माणसाला मारायला ४-५ ग्रे पुरेसे असतात, हा ५,००० ग्रे पचवतो. त्याचा डीएनए तुटत नाही असं नाही. इतरांसारखाच तुटून शेकडो तुकडे होतात, पण त्याची दुरुस्ती करणारी प्रथिनं शाबूत राहतात आणि काही तासांत तो तुकडे पुन्हा जुळवतो. उलट बाजू बघायची तर अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली. ते २०१५-१६ मध्ये स्थानकावर ३४० दिवस राहिले, आणि त्यांच्या गुणसूत्रांत काही तुकडे उलटे जोडलेले आढळले. म्हणजे दुरुस्ती झाली, पण टोकं फिरली.

मात्रा कोणत्या वेगाने मिळते यालाही महत्त्व आहे. सोलापुरात कॅन्सरवर किरणांचा शेक घ्यायला आसपासच्या तालुक्यांतून आणि कर्नाटकातल्या सीमेवरच्या गावांतून माणसं येतात, आणि एकदाच काय तो सगळा देऊन मोकळं का करत नाहीत, रोज हेलपाटे कशाला, असं विचारतात. आठवड्याचे ५ दिवस साधारण २-२ ग्रे देण्यामागे हेच कारण आहे : मधल्या वेळात निरोगी पेशी कॅन्सरच्या पेशींपेक्षा जास्त दुरुस्ती उरकून घेतात. अंतराळातली मात्रा तर थेंबाथेंबाने मिळते. स्थानकावर दिवसाला अर्धा ते पाऊण मिलिसिव्हर्टच्या (शरीरावरच्या परिणामाच्या हिशोबातलं मात्रेचं एकक) आसपास. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या बाहेर, मंगळाच्या वाटेवर, क्युरिऑसिटी या नासाच्या मंगळगाडीवरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मोजले, म्हणजे पृथ्वीवर निसर्गातून सरासरी नऊ महिन्यांत मिळतात तेवढे. एवढ्या सावकाश मारात पेशी किती निस्तरते, हे विचारायला नासाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ सोबत बायोसेंटिनेल हा छोटा उपग्रह पाठवला. त्यात होतं काय? यीस्ट. एक साधं आणि एक राड-५१ काढून टाकलेलं. पेशी जगून वाढल्या की निळा रंग गुलाबी होतो, अशी मोजणीची व्यवस्था. हे कळल्यावर दुसऱ्या गटाची मान भलतीच ताठ झाली.

काय ठरलं

प्रकल्पाचं नाव बदललं : ‘यूव्ही किरणांनी इजा झालेल्या यीस्टची उजेडातील व अंधारातील दुरुस्ती’. अंतराळ शेवटच्या प्रकरणात गेलं आणि तिथे आमच्या दिव्याने काय दाखवता येतं आणि काय नाही, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहायला लावलं. पद्धतीत एक ओळ वाढली : यूव्ही दिल्यानंतरची सगळी कामं पिवळ्या दिव्याखाली करावीत, नाहीतर प्लेट इनक्युबेटरपर्यंत नेईपर्यंत ट्यूबलाइटच्या उजेडातच दुरुस्ती सुरू होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फॉइलची प्लेट हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली आणि त्या निमुळत्या पट्टीचंच कारण विचारलं. उत्तर पहिल्या गटातल्या मुलाने दिलं, ज्याने सुरुवातीला झाकणावरून आरोप केला होता.

आता दुसऱ्या वर्षातली एक मुलगी मागे लागली आहे की पुढच्या वर्षी ज्वारी घेऊ. तिने कुठेतरी वाचलंय की २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटनेने ज्वारीचं बियाणं अंतराळ स्थानकावर पाठवलं होतं, काही आत ठेवलं, काही बाहेर, आणि पुढच्या वर्षी परत आणलं. ते खरं आहे. विषयही चांगला आहे : कोरड्या दाण्यात दुरुस्तीचं काम जवळपास बंद असतं, त्यामुळे घाव साठत जातात, आणि दाणा भिजल्यावर मोड फुटण्याआधी पेशी ते निस्तरायला घेते. पण आमच्या दिव्याखाली मालदांडीचे दाणे धरून उपयोग नाही, यूव्ही सालीतच अडेल. त्याला गॅमा लागेल. भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यांना गॅमा देण्याचं काम कित्येक वर्षं चालतं, भुईमुगाची टीएजी-२४ ही जात तिथल्याच किरणोत्सर्गाच्या कामातून आली. तिथे विचारणा करायचं पत्र मी तिलाच लिहायला सांगितलं आहे, आणि दाणे भिजवल्यावर दर किती तासांनी काय मोजणार ते त्यात आधी लिही, असंही.